नदीकाठचं कास गवत काढू का?

प्रश्न: ताई, आमचं मळीचं, म्हणजे नदीच्या गाळाचं रान आहे, सांगली जिल्ह्यात भिलवडीच्या बाजूला कृष्णेच्या अगदी काठाला, सगळा ऊस. काठावर पुरुषभर उंच गवत माजलंय, नवरात्राच्या सुमाराला पांढरेशुभ्र तुरे येतात. चुलते म्हणतात जेसीबी लाव आणि साफ कर, त्यात मगर लपते, शिवाय रानात पण घुसतंय. पण माझ्या मुलीला तिथं सुगरणीची घरटी दिसली आणि आता ती कुणाला हात लावू देत नाही. काय करू?

उत्तर: दादा, मुलीचं ऐका. वर्णनावरून हे कास गवत दिसतंय, उसाच्या भावकीतलंच. 1918 साली कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्रातून को 205 ही जात आली ती गोड उसाचा याच रानटी कासाशी संकर करून, आणि आज आपल्याकडे बरेचजण को 86032 ही जात लावतात त्यातही याचं रक्त आहे, खोडवा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून येणारा ऊस, जोमानं फुटतो ती चिवटाई बरीचशी या गवताकडूनच आलेली. काठावर पूर्वज उभा आहे तुमच्या उसाचा!

सुगरणीचा नर असल्याच लांब पात्यांच्या बारीक पट्ट्या काढून घरटं विणतो. लाल मुनियाला पण पाण्याकडेचं उंच गवत फार आवडतं, बी खायला तिथंच आणि पिल्लं पण बहुधा तिथंच, रानमांजर पण दिवसा असल्या दाटीत पडून असतं, ते तुमच्या रानातले उंदीर खातं हे चुलत्यांना नक्की सांगा.

आता मगर. मादी उन्हाळ्याच्या तोंडाला काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, आणि मोठी मगर ऊन खायला उघड्या काठावर येते, म्हणजे सगळा काठ बोडका केला तर तिला उलट सोयच होईल. पण दाटीत ती दिसत नाही हे चुलत्यांचं म्हणणं खरंय, म्हणून मोटरीजवळ, पायवाटेला आणि जनावरं पाण्यावर नेता तिथं कापून चांगलं मोकळं ठेवा, तिथं अजिबात हयगय नको.

जेसीबी मात्र लावूच नका. कासाच्या कांड्या जमिनीखाली लांब पसरलेल्या असतात, त्याचे तुकडे झाले की तुकडा तुकडा फुटतो, आणि काठाची माती धरून ठेवतात त्या याच कांड्या आणि मुळ्या, 2019 चा पूर तुम्ही बघितलाय, मोकळी झालेली मळी किती टिकेल? रानाच्या बाजूला खोल चर काढा, उसात उगवलेलं कांडीसकट खणून काढून उन्हात वाळवा, दोन-तीन वर्षं चिकाटीनं करावं लागेल.

कापायचंच तर पावसाळ्यात नको, तेव्हा घरटी भरलेली असतात. जानेवारी-फेब्रुवारीत घरटी रिकामी आहेत ना ते बघून एका वर्षी एकच तुकडा कापा, बाकीचं उभं ठेवा, कोवळा फुटवा म्हशी पण खातात. आणि पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवताना जाळ काठाकडे जाऊ देऊ नका, नाहीतर आत लपलेल्या जिवांना पळायला वाट राहत नाही.