बोलण्याआधी श्रेयाची बोली

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून एका आईचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी भूशास्त्रात पीएच.डी. करते. शहरातल्या विश्वामित्री नदीच्या पुराविषयी एका पत्रकाराने तिच्याशी तासभर चर्चा केली आणि तिने केलेला नकाशाही घेतला. बातमीत मात्र ‘तज्ज्ञांच्या मते’ एवढेच छापले आणि नकाशाखाली कुणाचेच नाव नव्हते. तिने यापुढे पत्रकारांशी बोलणे बंद करावे का, असे त्या विचारतात.

ताई, बंद करू नये. ऑगस्ट २०२४ सारखा पूर आला की पाणी अमुक वस्तीतच का शिरते, हे अभ्यासाच्या आधारे सांगणारी माणसे शहराला हवी असतात, आणि संशोधकाचे नाव विभागाबाहेर बहुधा याच वाटेने पोहोचते.

मात्र चर्चा आणि नकाशा यांचा विचार वेगवेगळा करावा. बातमीदार अनेकांशी बोलतो आणि एखाद-दोघांचीच विधाने छापतो, त्यामुळे विषय समजावून दिला एवढ्यावरून नाव यायलाच हवे होते, असे मी म्हणणार नाही. नकाशा ही तिची निर्मिती आहे. १९५७ चा प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा कल्पनेला नव्हे, तर तिच्या मांडणीला संरक्षण देतो आणि नकाशाचा त्यात स्पष्ट समावेश आहे. प्रेस कौन्सिलची आचारसंहिताही दुसऱ्याचे लेखन वा कल्पना श्रेय न देता वापरणे गैर मानते. तेव्हा मूळ फाइल आणि ती पाठवल्याचा मेल जोडून तिने संपादकांना शांत शब्दांत लिहावे व ऑनलाइन बातमीत नाव घालण्याची विनंती करावी.

मला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. नकाशा प्रबंधातला आणि अप्रकाशित असेल, तर तो गाइडना विचारल्याशिवाय द्यायलाच नको होता, कारण आधी वृत्तपत्रात आलेले निष्कर्ष छापायला काही संशोधनपत्रिका तयार नसतात.

पुढच्या वेळी फोन आला की नाव, विभाग आणि विद्यापीठ कसे छापणार हे तिने सुरुवातीलाच विचारावे, महत्त्वाची विधाने लेखी पाठवावीत आणि नकाशावरच आपले नाव टाकावे. एखादी गोष्ट ‘ऑफ द रेकॉर्ड’, म्हणजे छापण्यासाठी नसलेली, असेल तर तसे आधी ठरवावे. सांगून झाल्यावर घातलेली अट पत्रकार मानेलच असे नाही. विषय मोठा असेल, तर स्वतःच्या नावाने लेख लिहू का, असे संपादकांना विचारायलाही संकोच करू नये.