रक्ताच्या डागांवरून खून कसा झाला ते खरंच सांगता येतं का? त्यासाठी तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करू का?

थोडंफार सांगता येतं. कोर्सचं नंतर बोलते. आधी एका शर्टाबद्दल लिहू द्या, तुमचा प्रश्न वाचल्यापासून तोच डोळ्यांपुढे आहे.

सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत, जीवशास्त्र विभागात माझी २९ वर्षं गेली. गोष्ट नव्वदच्या दशकातली, ऐन पावसाळ्यातली. एक शिपाई खुनाच्या केसचा मुद्देमाल घेऊन आला. लाखेचं सील शाबूत, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी जागेवर, सोबतच्या पत्रावर नमुना मोहोर. कागदोपत्री बोट ठेवायला जागा नाही. रक्तमिश्रित माती आणि साधी माती वेगवेगळ्या पुड्यांत, तीही नीट. मग आरोपीच्या शर्टाचं पार्सल घेतलं. वरचा खाकी कागद काढला तर आत साडीच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी, तोंडाला सुतळीची गाठ. पिशवीला आतून घाम फुटलेला. गाठ सोडली आणि जो वास सुटला, तो संध्याकाळी घरी गेल्यावरही नाकातून जाईना. पावसाळ्यात पोराचा ओला मोजा दप्तरात राहिला तर चार दिवसांनी काय होतं, ते घरोघरी माहीत आहे. हा शर्ट तीन आठवडे तसा होता, आणि पाण्यानं नाही, रक्तानं ओला.

आकाशी रंगाचा फुल शर्ट. चौघडी इतकी नीट, की इस्त्रीवाल्यानंच दिलाय म्हणावं. उलगडला. छातीवर उजवीकडे तळहाताएवढा डाग. डावीकडे तस्साच, पण आरशात दिसावा तसा. खाली पोटावर त्याच दोघांची उलटी रूपं, जरा फिकी. कडेनं हिरवट-काळी बुरशी. आणि पत्रात तपासी अंमलदारांनी विचारलेलं: शर्टावरील चार डाग चार वेगवेगळ्या वारांचे आहेत काय?

लहानपणी कागदावर शाई टाकून, कागद दुमडून फुलपाखरू करायचो ना, तेच होतं ते. घडी घातली तेव्हा डाग ओला होता, एवढंच ते चार डाग सांगत होते. तसं मी कळवलं. रक्त मानवी आहे इतकं कसंबसं निघालं. गट काही निघेना, जिवाणूंनी डागाची पार वाट लावली होती. तीनदा करून पाहिलं आणि 'रक्तगट निश्चित करता आला नाही' असं लिहिलं.

साडेचार वर्षांनी कोर्टाचं समन्स. एरवी आमचा अहवाल तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ खाली परस्पर पुराव्यात जायचा, आम्हाला कोण बोलावतंय! या खेपेला बोलावलं. आरोपीच्या वकिलांनी एकच कामाचा प्रश्न केला, "बाई, हे रक्त आरोपीचं स्वतःचंही असू शकतं?" असू शकतं, म्हणाले. दुसरं काय म्हणणार? बाहेर व्हरांड्यात तेच तपासी अंमलदार उभे. दोन वकील आणि एका शिपायासमोर मला म्हणाले, "मॅडम, लॅबनं केस घालवली."

मला एसटी गाठायची होती आणि तोंडाला कोरड पडली होती. तेव्हा बोलले नाही ते आता लिहिते. साहेब, ओला कपडा सावलीत दोरीवर टांगायचा असतो, खाली स्वच्छ कागद घालून. उन्हात नाही. पूर्ण वाळला की कागदात गुंडाळायचा, डागावर डाग येणार नाही असा, घडीच्या मध्ये कोरा कागद घालून. एका कपड्याला एक पाकीट. प्लास्टिक नाही म्हणजे नाही. या सगळ्याला लागते एक दोरी आणि दोन रुपयांचा कागद.

आता तुमचं पॅटर्न, म्हणजे डागांच्या आकारावरून काय घडलं ते ओळखणं. थेंब तिरपा आदळला की लांबट होतो. डागाची रुंदी भागिले लांबी, जो आकडा येईल तो ज्या कोनाचा साइन, तो आदळण्याचा कोन. रुंदी ५ मिमी, लांबी १० मिमी, तर ३० अंश. शेपटी ज्या बाजूला, थेंब त्या दिशेनं चालला होता. असे बरेच थेंब मोजून दोऱ्या ताणल्या की रक्त अंदाजे कुठून उडालं ती जागा सापडते. हे गुळगुळीत भिंतीचं झालं. सारवलेली जमीन, गोधडी, शर्ट असलं काही असेल तर विसरा, कापड रक्त पितं. आणि रक्त कुणाचं, हे नुसता आकार बघून कधीच कळत नाही.

अमेरिकेत टेक्सासमध्ये जो ब्रायन नावाचे मुख्याध्यापक होते. १९८५ मध्ये त्यांच्या पत्नीचा खून झाला. एका टॉर्चवरचे बारीक ठिपके 'वाचून' तज्ज्ञानं साक्ष दिली आणि ब्रायन तुरुंगात गेले. त्या तज्ज्ञाचं शिक्षण किती, तर ४० तासांचा कोर्स! २०१८ मध्ये त्यानं स्वतःच निष्कर्ष चुकल्याचं लिहून दिलं. ब्रायन पॅरोलवर सुटले ते २०२० मध्ये. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं २००९ च्या अहवालातच म्हटलं होतं की या शास्त्रातली अनिश्चितता प्रचंड आहे आणि तज्ज्ञांची मतं शास्त्रापेक्षा व्यक्तिनिष्ठच जास्त. म्हणून तीन महिन्यांच्या कोर्सला माझं सरळ नाही. करायचंच तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, तिथं रीतसर पदवी घ्या. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) लागू आहे, ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसानं घटनास्थळी जायचंय. राज्यांना त्यासाठी ५ वर्षांची मुदत आहे, पण माणसं लागणारच. आणि कोर्सवाल्यांना फोन कराल तेव्हा एवढं विचारा की ओला शर्ट कुठं वाळत घालायला शिकवता.

दोन गोष्टी राहिल्या. मी टेबलावरची, घटनास्थळावरची नव्हे. भिंतीवरचे थेंब मी फोटोतच जास्त पाहिलेत, तेव्हा त्यातला कुणी इथं मला दुरुस्त करत असेल तर त्याचं ऐका. दुसरं म्हणजे त्या केसमध्ये दोन्ही पंच फितूर झाले होते आणि डोळ्यांनी पाहिलेला एकमेव साक्षीदारही. गट निघाला असता तरी आरोपी बहुधा सुटलाच असता. हे मला तेव्हाही माहीत होतं, साहेबांनाही होतं. पुढं त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, प्लास्टिकच्या पाकिटात. मी गेले नाही.