कोयता म्हणजे दोन माणसं

प्रिय मित्रा,

तुझा प्रस्ताव दोनदा वाचला. ऊसतोड कामगारांच्या किडनीवर उन्हाचा काय परिणाम होतो, हा विषय महत्त्वाचा आहे, तपासण्याही नीट आखल्या आहेस. एथिक्स कमिटी तो मंजूर करेलही. मी अडले ती चौथ्या पानावर : ‘नमुना २०० कोयते, प्रत्येक कोयत्यातील एका सदस्याची मुलाखत.’

अरे, कोयता हे मुकादमाचं, म्हणजे टोळी पुरवणाऱ्या कंत्राटदाराचं माप. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) एकच, आणि ती बहुधा नवऱ्याच्या हातात. मुकादमाच्या वहीत बाईचा वेगळा हिशेब नसतोच. तू तेच माप उचललंस तर तुझ्या वहीतूनही ती गेली. त्यांच्या कोपीपुढे, म्हणजे झोपडीपुढे उभा राहून ‘कोण बोलणार?’ असं विचारलंस की कोण पुढे येतं, हे बीडमध्ये वाढलेल्या तुला मी काय सांगू?

उष्णता मोजायच्या वेळाही बघ. यंत्र उसाच्या फडात, सकाळी सात ते दुपारी तीन. ती मात्र पहाटेच उठून चुलीपुढे बसलेली असते. मग दिवसभर मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहायच्या, आणि परतल्यावर प्लास्टिकच्या कोपीपाशी पुन्हा चूल. शिवाय फडात आडोसा नसतो म्हणून ती पाणीच बेतानं पिते. ‘दिवसाला किती लिटर?’ एवढंच विचारशील तर आकडा मिळेल, कारण कळणार नाही.

गरोदर बायकांना ‘सुरक्षिततेसाठी’ वगळलंयस. कुणाच्या? तू औषध देणार नाहीस, रक्त घेणार आणि ताप मोजणार. फडातून तिला कुणी वगळलेलं नाही, फक्त तुझ्या तक्त्यातून ती वगळली जाणार.

आता संमती. इथं माझीच चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका टोळीत मुकादमानं मला तासाभरात चाळीस अंगठे मिळवून दिले. साक्षीदाराची सही त्याच्याच माणसाची. मी खूश, केवढं काम उरकलं! दुसऱ्या दिवशी एका बाईनं रक्तासाठी हात पुढे केला आणि हळूच विचारलं, “बाई, नाही म्हटलं तर खाडा धरत्यात का?” खाडा म्हणजे दिवस बुडाल्याचा दंड. अंगठ्यावर कालची शाई तशीच होती, पाचटीनं चिरलेल्या रेघांत मुरलेली. मी सुई खाली ठेवली. ते चाळीस अर्ज मात्र कागदावर अगदी निर्दोष होते.

आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वाचता न येणाऱ्याच्या संमतीला निःपक्षपाती साक्षीदार लागतो. उचल देणाऱ्याचा माणूस निःपक्षपाती कसा असेल? म्हणून संमती गावात घे, हंगाम संपून लोक परतल्यावर, पुढची उचल हातात पडायच्या आधी. बाईशी वेगळं बोल, आणि फडात गेल्यावर पुन्हा विचार. फडात यायला मुकादमाची परवानगी लागेल, ती घे. पण कोण हो म्हणालं आणि कोण नाही, ही यादी त्याला दाखवायची नाही. बुडालेल्या वेळेचा मोबदला कोयत्यामागे नको, माणसामागे दे. तिचा तिच्या हातात.

प्रश्न क्रमांक नऊ : ‘गर्भाशय काढले आहे का?’ २०१९मध्ये सरकारी समितीपुढे आकडे आले. बीड जिल्ह्यातल्या पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पाळीत काम बुडलं की खाडा, पोटदुखी, वर कॅन्सरची घातलेली भीती. तेव्हापासून वही घेऊन येणारा प्रत्येकजण हेच विचारतो, आणि तू तर सासू-जावेच्या देखत विचारणार आहेस, तेही पुरुष असून. तुझ्या विश्लेषणात हे उत्तर कुठे लागतं ते मला दाखव. लागत असेल तर ओळखीच्या आशा कार्यकर्तीला बरोबर घे, तिला एकांतात विचारू दे. नसेल लागत तर प्रश्न काढून टाक.

एक अर्धं पान अजून लिहायचं राहिलंय. मार्चमध्ये, गावापासून दोन-तीनशे किलोमीटरवर, एखादीचं क्रिएटिनिन (किडनी बिघडल्याची रक्तातली खूण) वाढलेलं निघालं तर ती कुठल्या दवाखान्यात जाणार, गाडीभाडं कोण देणार, त्या दिवसाचा खाडा कोण भरणार? बजेटमध्ये माहिती भरायचे चार टॅब्लेट धरलेत, त्यातले दोन कमी कर. सुधारलेला प्रस्ताव सोमवारपर्यंत पाठव.

तुझी,
मॅडम (ताई म्हण सांगून थकले)