वडील मृत्युपत्र न करता वारले. फ्लॅट आणि शेती कोणाची?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातला फ्लॅट वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतला आणि त्याला नॉमिनी तुम्ही आहात. गावाकडे वडिलोपार्जित शेती आहे. मागे आई, तुम्ही दोघे भाऊ आणि 1998 साली लग्न झालेली बहीण. आणि जाता जाता एक वाक्य: "आजी गावी काकांकडे असते." मी तालुक्याला वकिली करतो, वारसाची प्रकरणं रोजची आहेत. तुमच्या प्रकरणातली खरी गोम त्या एका वाक्यात आहे.

हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे मयताची आईसुद्धा पहिल्या वर्गाची वारस असते. बायको, मुलगे, मुली यांच्या बरोबरीने. (आजोबा असते तर त्यांना काही मिळालं नसतं, मयताचे वडील दुसऱ्या वर्गात येतात. का, ते कायदा करणाऱ्यांना ठाऊक.) म्हणजे फ्लॅटचे पाच सारखे हिस्से: आई, तुम्ही, भाऊ, बहीण आणि आजी.

आता पुढचं बघा. आजीही मृत्युपत्र न करता गेली, तर तिचा पाचवा हिस्सा तिच्या सगळ्या मुलामुलींकडे जाणार. समजा तुम्हाला एक काका आणि एक आत्या आहेत, तर त्या हिश्श्याचे तीन भाग होतील: काका, आत्या आणि तुमच्या वडिलांच्या वाटचा तुम्हा तिघा भावंडांना मिळून. तुमच्या आईला त्यातलं काही नाही. आणि काका फ्लॅटमध्ये एक-पंधरांश हिश्श्याचे मालक होऊन बसतील. पुढे विकायला काढलात की त्यांची सही लागेल. बहुतेक घरांत हे खरेदीदाराचा वकील कागद मागतो तेव्हा कळतं.

नॉमिनी असल्याने तुम्ही मालक होत नाही. सोसायटी तुम्हाला तात्पुरता सदस्य करून घेईल, बँक पैसे तुमच्या हाती देईल, पण ते सगळ्या वारसांच्या वतीने. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे 1983 मध्ये सांगितलं (2015 च्या दुरुस्तीनंतर जवळच्या नातेवाईक नॉमिनीपुरतं तिथलं चित्र बदललं), शेअर्सच्या बाबतीत 2023 मध्ये. तरी "नॉमिनी मीच, मग फ्लॅट माझाच" हे ऐकल्याशिवाय माझा आठवडा जात नाही.

शेतीचा हिशोब जरा किचकट. जमीन खरोखर वडिलोपार्जित असेल, तर आधी वडिलांच्या हयातीत वाटप झालं असं कागदावर धरायचं. आई, वडील आणि तुम्ही तिघं भावंडं, पाच जण. मग वडिलांच्या पाचव्या हिश्श्याचे पुन्हा पाच भाग. आई आणि तुम्ही तिघं यांना प्रत्येकी 25 पैकी 6, आजीला 1. बहिणीचं लग्न कधी झालं याने फरक पडत नाही. 2005 ची दुरुस्ती आणि 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी तो वाद मिटवला. पण आजोबांनी स्वतः घेतलेली जमीन 1956 नंतर वारसाने वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांची स्वतंत्र मिळकत आणि हिशोब फ्लॅटसारखाच. म्हणून जुने फेरफार काढा, आजोबांच्या नावावर जमीन कशी आली ते वाचा. आजोबांच्या वेळच्या वारस नोंदीत आजीचं नाव लागलंय का, तेही तिथेच दिसेल.

तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करताना सगळ्यांची नावं द्या. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात आणि सातबाऱ्यावर वडिलांच्या नावाला कंस होतो. बहिणीचं किंवा आजीचं नाव गाळून नोंद झाली तरी त्यांचा हक्क जात नाही. सातबारा महसुलासाठी असतो, मालकी त्याने ठरत नाही. दहा वर्षांनी भाची दावा घेऊन उभी राहिली तर तेव्हा वकिलाला पैसे मोजाल.

आजीची इच्छा असेल तर ती आत्ताच तिच्या हिश्श्याचं मृत्युपत्र करू शकते किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र देऊ शकते. हक्कसोडपत्र नोंदवण्याऐवजी साध्या स्टॅम्पपेपरवर अंगठा घेऊन ठेवलात तर तो कागद कोर्टात टिकत नाही. आणि हे बोलणं काकांना वगळून परस्पर करू नका. आजी त्यांच्याकडे राहते, तिचं औषधपाणी तेच बघतात. उद्या "फसवून सही घेतली" असा दावा आला तर दुय्यम निबंधकाकडची नोंदणीही तुम्हाला वर्षानुवर्षांच्या तारखांपासून वाचवणार नाही.