बारा वर्षांच्या अबोल मुलीला गाइडमध्ये घालावं का?

घाला. नाव देण्याआधी मात्र शाळेतली गाइड कंपनी (स्काउट-गाइडमधलं मुलींचं पथक) खरंच चालते की नुसती कागदावर आहे, तेवढं बघून घ्या.

तुम्ही लिहिलंय की मुलगी सातवीत आहे, चारचौघांत तोंड उघडत नाही, आजवर घरच्यांशिवाय कुठे राहिलेली नाही. शाळेतून गाइडचा फॉर्म आलाय आणि तुमच्या मनात आहे की वर्षभर थांबून सरळ एनसीसीलाच घालावं. मी शाळेत शिकवते आणि तिथलीच गाइड कॅप्टन, म्हणजे कंपनी चालवणारी शिक्षिका, आहे. अशा मुली दर जूनमध्ये माझ्यासमोर येऊन उभ्या राहतात.

एनसीसीच्या ज्युनियर विंगमध्ये तेराव्या वर्षापासून घेतात. ती संरक्षण मंत्रालयाखाली चालते. तिथे कवायत असते, रायफल हाताळायला शिकवतात, दोन वर्षांनी 'ए' प्रमाणपत्राची परीक्षा होते. उत्तमच आहे, तिला आवडलं तर आठवी-नववीत जाऊ दे. पण लाजऱ्या मुलीने आधी गाइडमध्ये यावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं कारण म्हणजे गाइडमधले छोटे संघ.

स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीस मुलांचं पहिलं शिबिर घेतलं, तेव्हाच त्यांनी मुलांचे चार छोटे गट पाडले आणि प्रत्येक गटाची जबाबदारी त्यातल्याच एका मुलावर टाकली. आजही तीच पद्धत आहे. सहा ते आठ मुलींचा एक संघ, त्याला फुलाचं नाव, आणि संघनायिका त्यांच्यातलीच एक. साठ जणींच्या वर्गात एखादी मुलगी वर्षभर गप्प बसली तरी चालून जातं. संघात तसं होत नाही. एकीने पाणी आणायचं, एकीने चूल पेटवायची, एकीने भाजी चिरायची. तिला कुणी स्टेजवर ढकलत नाही, पण तिच्या वाटचं काम झालं नाही तर सगळ्यांचं जेवण अडतं, हे तिलाही कळतं.

मागे एका शिबिरात मुली भांडी ठेवायला बांबूची मांडणी बांधत होत्या. असं काहीबाही बांधलं की त्याला आमच्याकडे गॅजेट म्हणतात. दोन बांबू आडवे-उभे जोडताना आधी उभ्या बांबूला क्लोव्ह हिच नावाची गाठ घालायची, मग दोन्हींवरून दोरीचे तीन वेढे घ्यायचे, आणि शेवटी दोन बांबूंच्या मधून वेढे देऊन ते सगळं करकचून आवळायचं. हे आवळणंच मुली विसरतात. मांडणी उभी दिसते, पण पातेलं ठेवलं की डुगडुगते. त्या दिवशीही तसंच झालं. तुमच्या मुलीसारखीच एक होती, दोन दिवस 'हो' आणि 'नाही'पलीकडे गेली नव्हती. ती वाकून सांधा बघत होती. नायिकेला म्हणाली, "इथे मधून आवळलंच नाहीये, सोड सगळं." नायिका तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिने मुकाट्याने दोरी सोडली. मी लांब उभी होते, मध्ये पडले नाही. कॅप्टनने अशा वेळी गप्प राहायचं असतं.

म्हणूनच कंपनी खरी चालते का हे बघायला सांगते. बऱ्याच ठिकाणी गणवेशाचा स्कार्फ फक्त 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला बाहेर निघतो, पाहुण्यांसाठी टाळ्या वाजवल्या की परत कपाटात. शाळेत जाऊन विचारा: दर आठवड्याला भेटता का? वर्षातून एकदा तरी मुक्कामी शिबिर होतं का? कॅप्टनचं प्रशिक्षण कुठवर झालंय, बेसिक, अ‍ॅडव्हान्स की हिमालय वुड बॅज? आणि संघनायिकेला भेटू द्या म्हणावं. ती काय काय करते ते तिला स्वतःला सांगता आलं, तर कंपनी जिवंत आहे. नसेल, तर भारत स्काउट्स आणि गाइड्सच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा, शाळेबाहेरची खुली पथकंही असतात. आणि पुण्याकडे असाल तर हेही सांगते: मुलींच्या या चळवळीची जगात मोजकी जागतिक केंद्रं आहेत, त्यातलं 'संगम' 1966 पासून पुण्यात आहे. कितीतरी पालकांना त्याचा पत्ताच नसतो.

दहावीच्या वाढीव गुणांसाठी मात्र घालू नका. प्रवेश, मग शपथ घेऊन गाइड होण्याचा दीक्षाविधी, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार, असा हा काही वर्षांचा रस्ता आहे. दहावीवर डोळा ठेवून निघालेले पालक सोपान उरकायला लावतात आणि मुलीने केलेल्या कामांची नोंदवही, म्हणजे लॉगबुक, रात्री जागून स्वतःच लिहितात. पोरीला दोरीची एक गाठ मारता येत नाही. खूप वाईट वाटतं ते बघून.

मुक्कामाची काळजी वाटणं साहजिक आहे. सोबत महिला कॅप्टन कोण, स्वच्छतागृह कसं, जवळचा दवाखाना किती लांब, हे स्पष्ट विचारा. कॅप्टन वैतागली, तर पाठवू नका. पाळी सुरू झाली असेल किंवा व्हायच्या बेतात असेल तर पॅड द्या आणि मला सांगता तसंच कॅप्टनलाही मोकळेपणाने सांगा. आमच्या पेटीत जास्तीचे असतातच, पण मुलीला ते आधी माहीत असलेलं बरं.

गणवेशाला घाई करू नका. बहुतेक शाळांत वरच्या वर्गातल्या मुलींचे आखूड झालेले गणवेश मिळतात. दीक्षाविधी होईपर्यंत ती स्कार्फ घालणार नाहीये, तेवढ्यात तिला आवडतंय का हेही कळेल. खर्चाचं म्हणाल तर 'खरी कमाई' या स्वतः पैसे मिळवायच्या उपक्रमात मुली स्वतः भेळेचे, सरबताचे स्टॉल लावतात, हिशेबही त्याच ठेवतात. त्या दिवशी नक्की जा आणि पैसे देऊन खा.

शिबिराची यादी घरी आली की सामान तिलाच भरू द्या. टॉर्च राहिली तरी आठवण करू नका. नायिका निघण्याआधी प्रत्येकीची पिशवी उघडून बघते, आणि ते तिचं काम आहे.