रखरखत्या उन्हातली हिरवी बाग : वाचकांचे प्रश्न

बाग कोमेजली की प्रत्येकाचा हात आधी नळाकडे जातो. वर्षाला 250 मिलिमीटरसुद्धा पाऊस न पडणाऱ्या प्रदेशात ते साहजिकच आहे. पण या वेळी आलेल्या निम्म्या पत्रांत तरी पाणी कमी पडलेले नाही, ते चुकीच्या जागी पडलेले आहे.

प्रश्न : लिंबाला रोज संध्याकाळी न चुकता एक बादली पाणी घालते. तरी पानांच्या कडा करपतात आणि बुंध्याभोवती मातीवर पांढरा पापुद्रा येतो. ही बुरशी आहे का?

बुरशी नव्हे, पाण्यातले क्षार. तापलेल्या मातीत एक बादली पाणी वीतभरच खाली जाते. उन्हाने पाणी उडते, क्षार तिथेच राहतात. रोज थोडे थोडे साचत जातात. मुळे ओलीच्या मागे जातात, त्यामुळे तीही त्याच खारट, तापलेल्या थरात पसरतात. मग पानांच्या कडा करपणारच.

दोन-तीन आठवड्यांत पाळ्यांमधले अंतर हळूहळू वाढवा, आणि पाणी द्याल तेव्हा पोटभर द्या. मोठ्या फळझाडाखाली ओल 60 ते 90 सेंटिमीटर खोल जायला हवी. एक चौरस मीटरच्या आळ्यात एक सेंटिमीटर पाणी उभे राहिले की ते 10 लिटर झाले, यावरून तुमची बादली किती तोकडी पडते ते कळेल. ओल कुठवर गेली हे बघायला एक लांब, गुळगुळीत सळई ठेवा. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी ती मातीत दाबायची. ओल्या मातीत ती सरसर उतरते, कोरडी माती लागली की अडते. अडली की ती जमिनीलगत चिमटीने धरून वर काढा आणि मोजा. दोन-तीन ठिकाणी बघा, कारण एखादे वेळी खाली दगडच असतो.

आळेही बुंध्याला खेटून नको. पाणी शोषणारी बारीक मुळे फांद्यांच्या घेराखाली आणि थोडी त्याच्याही बाहेर असतात, पाणी तिथे हवे. महिन्यातून एकदा नेहमीपेक्षा बरेच जास्त पाणी सावकाश मुरू द्या, म्हणजे साचलेले क्षार मुळांच्या खाली वाहून जातील. जमिनीला निचरा नसेल तर मात्र हा उपाय अंगाशी येतो.

ठिबक लावलेल्यांनीही इकडे लक्ष द्यावे. ठिबकखाली क्षार ओल्या भागाच्या कडेला जमतात. पावसाची हलकी सर आली की तेच क्षार वाहत मुळांकडे येतात. म्हणून भुरभुर पावसात ठिबक बंद करायचे नाही, चालू करायचे. शेजारी हसतील, हसू द्यात.

प्रश्न : भर दुपारी भोपळ्याचा वेल माना टाकतो. तेव्हा पाणी द्यावे का? दुपारी पानांवर थेंब पडले की ते भिंगासारखे पान जाळतात, हे खरे आहे का?

एवढाली पाने! मुळे जेवढे पाणी वर चढवतात त्याहून जास्त पानांतून उडते, म्हणून वेल मान टाकतो. सकाळी पाने ताठ दिसली तर काही करू नका. सकाळीही पडलेलीच असतील तर मातीत दोन पेरे बोट खुपसा. कोरडी लागली तर लगेच पाणी द्या, मग दुपार असो की तिसरा प्रहर. ओली असूनही वेल पडला असेल तर मुळे गुदमरली आहेत, पाणी थांबवा.

भिंगाची गोष्ट बरीचशी दंतकथा आहे. गुळगुळीत पानावर थेंब इतका चिकटून बसतो की किरण पानावर एकवटत नाहीत. लव असलेल्या पानांवर थेंब थोडा उचललेला राहतो, तिथे क्वचित डाग पडू शकतो. आपल्याकडे दिसणारे डाग बहुतेक खाऱ्या पाण्याचे असतात, म्हणून पाणी मुळाशीच द्या.

प्रश्न : टोमॅटो फुलांनी लगडतो, पण फळ धरत नाही. कोणते टॉनिक मारू?

कोणतेही नको. दिवसा पारा 35 अंशांच्या वर आणि रात्रीही 24 च्या खाली येत नसेल तर परागकणच निकामी होतात. दुपारपुरती 30 ते 50 टक्के ऊन अडवणारी शेडनेट बांधून झाड जगवा, गारवा आला की फळ धरेल. कडक उन्हात खत देऊन नवी फूट काढायला लावू नका. ते दिवस भेंडीचे, चवळीचे, रताळ्याच्या वेलाचे. टोमॅटोची नवी लागवड उन्हाळा ओसरल्यावर.

प्रश्न : जास्वंदाची नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. गंधक घालू का?

हा लोहाचा केवडा, म्हणजे लोह न मिळाल्याने पाने पिवळी पडणे. (जुनी पाने आधी पिवळी पडली असती तर मी नत्राकडे बोट दाखवले असते.) चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकून बघा. फसफसली तर मातीत चुनखडी आहे. मग मूठभर गंधकाने सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी याचे माप) हलणार नाही. लोह मातीत असते, पण अशा विम्ल (अल्कधर्मी) मातीत ते विरघळत नाही. चिलेटेड लोह (विरघळलेलेच राहावे म्हणून दुसऱ्या द्रव्याने बांधलेले) घ्या, पण पाकिटावर त्या द्रव्याचे नाव ईडीडीएचए लिहिलेले बघून. स्वस्तातले ईडीटीए या मातीत टिकत नाही. आधी पाणी मात्र थोडे आवरा. सतत चिंब राहिलेल्या चुनखडीत केवडा आणखी बळावतो.

प्रश्न : एसीचे आणि आरओचे वाया जाणारे पाणी झाडांना चालेल का?

एसीचे चालेल, त्यात क्षार जवळपास नसतात. आरओचे नको. तुमच्या ग्लासातून काढलेले सगळे क्षार त्यात असतात.

प्रश्न : पश्चिमेच्या भिंतीलगत काहीच जगत नाही. तिथे दाट हिरवाई करता येईल का?

करता येईल, पण लागवड वरून खाली करा. मरूद्यानांत खजुराच्या छायेत डाळिंब-अंजीर आणि त्यांच्या सावलीत भाजीपाला अशी तीन मजली बाग शतकानुशतके होत आली आहे. वरचा मजला नसताना खालच्याला कितीही पाणी पाजा, ते उडून जाते. तुमची भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता परत टाकते. म्हणून आधी भिंतीपासून हातभर पुढे काटक वेलाचा मांडव करा. तो भरेपर्यंत शेडनेट. वाफे जमिनीपेक्षा थोडे खोलगट ठेवा, पाणी थांबते आणि वारा कमी लागतो. वर सात-आठ सेंटिमीटर पालापाचोळ्याचे आच्छादन घाला, बुंध्यापाशी चार बोटे मोकळी सोडून. काळ्या कुंड्या तिथून हलवाच, त्यांत मुळे उकडतात. कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधली फट वाळूने भरली तरी बराच फरक पडतो.

आणि कोवळ्या फळझाडांच्या बुंध्याला पाण्यात मिसळणारा पांढरा रंग पातळ करून फासा. मी एकदा आळस केला. माझ्या संत्र्याची साल पश्चिमेच्या बाजूने उभी तडकली, पूर्वेची बाजू गुळगुळीतच राहिली. त्या चिरेत पुढे किडे शिरले.

प्रश्न : बोगनवेलीला पाने भरपूर, फुले नाहीत.

लाड कमी करा. ऊन पूर्ण, नत्र बंद, आणि दोन पाण्यांच्या मध्ये माती चांगली सुकू द्या.

प्रश्न : दहा दिवस बाहेर जायचे आहे. वाफ्याचे काय?

बिनरंगाचे, चकाकीचा लेप नसलेले भाजलेल्या मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरा आणि पाणी भरून वर झाकण ठेवा. माती सुकेल तसे ते पाझरते. चीनमध्ये ही रीत 2000 वर्षांपूर्वी नोंदलेली आहे. पण जायच्या आदल्या दिवशी पुरून निघू नका. आठवडाभर आधी पुरा, भरा आणि ते किती दिवसांत रिकामे होते ते मोजा. चार दिवसांत आटले तर दहा दिवसांसाठी कुणाला तरी दोनदा येऊन भरायला सांगावे लागेल. जुने मडके पाझरत नसेल तर क्षारांनी त्याची छिद्रे बुजली आहेत. व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर भिजवून घासा, आणि तरी पाझरले नाही तर नवे आणा.