आपल्या ताटातलं दे

प्रिय बाळा,

सलाम.

तुझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर वाचला. फोनवर बोलले असते तर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहितेय.

राजीनामा लिहून तयार आहे, सेवेला निघालेल्या टीमबरोबर जायचं नक्की आहे, फक्त मनाला शांती नाही, आणि ही अशांती देवाकडून की सैतानाकडून ते मावशीनं सांगावं, असं तुझं म्हणणं. अरे, त्या दोघांनाही यात कशाला ओढतोस? शांती का नाही हे तुला पक्कं ठाऊक आहे, कारण तेवढंच तू लिहिलेलं नाहीस. तुझ्या शिक्षणासाठी ताईच्या नावावर काढलेलं कर्ज, त्याचे तुझ्या पगारातून जाणारे हप्ते, आईची शुगर, धाकट्याची फी. एवढ्या लांबलचक मजकुरात यातलं अक्षर नाही. बायबलमधली वचनं मात्र ओळीनं.

सेवा करावी की नाही, यावर मी शाई दवडणार नाही. आपल्या घरांत तो प्रश्नच नसतो. माझं सांगणं एकच आहे आणि तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: द्यायचं ते आपल्या ताटातलं दे. ताईचं ताट उचलून देवापुढे ठेवलंस तर ते तुझं अर्पण होत नाही.

तू फादर कोल्बेंचा दाखला दिलास. नीट तरी वाचायचास. 1941 साली आउश्वित्झच्या छावणीत एक कैदी पळाला म्हणून दहा जणांना उपाशी मारायचं ठरलं. त्यांतला गायोव्निचेक बायकोमुलांच्या नावानं आकांत करू लागला, तेव्हा हे पोलिश फादर रांगेतून पुढे आले आणि म्हणाले, याच्या जागी मला घ्या. दोन आठवडे अन्नाविना काढूनही प्राण जाईना, तेव्हा 14 ऑगस्टला त्यांना विषारी इंजेक्शन देऊन मारलं. गायोव्निचेक वाचला, युद्ध संपल्यावर बायकोकडे परतला आणि 1995 पर्यंत जगला. आता तूच सांग, कोल्बेंनी दिलं काय? स्वतःचा जीव. वाचवलं कुणाला? एका घरच्या कर्त्या माणसाला. आणि तू त्यांचं नाव घेऊन घरातला कर्ता माणूसच काढून घ्यायला निघालायस!

फादर डेमियनचंही तेच. 1873 साली हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांत ते आपणहून गेले, जखमा बांधल्या, शवपेट्या ठोकल्या, आणि 1889 साली त्याच रोगानं गेले. जे झिजलं ते त्यांचं स्वतःचं शरीर.

आणि परदेशी कशाला, आपल्या नगरचंच बघ. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं गात आपण लहानाचे मोठे झालो. माणूस सोन्यासारखा, हातात आलेलं कुणाला देऊन टाकतील याचा नेम नाही. पण ते देऊन झाल्यावर चूल कशावर पेटवायची, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या वाट्याला. 1895 साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो बायकोला न सांगता. त्यानंतरची चार-पाच वर्षं ती बाई लहान मुलाला घेऊन नवऱ्यापासून दूर होरपळत राहिली. तिनं ते सगळं इतकं हसत लिहून ठेवलंय की वाचणारेही हसतात. मला नाही हसू येत. मंडळीत टिळकांच्या त्यागावर किती उपदेश ऐकले, पण त्याची झळ कुणाला लागली हे पुलपिटावरून कुणी बोलल्याचं आठवत नाही. त्याच लक्ष्मीबाई पुढे प्लेगच्या आजाऱ्यांची शुश्रूषा करायला उभ्या राहिल्या, तेव्हा मात्र ते त्यांचं अर्पण होतं, कारण जीव त्यांचा होता आणि निर्णयही त्यांचा.

पंडिता रमाबाई मला जवळच्या वाटतात त्या यासाठी. दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, उपाशी पोट म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. 1896–97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या, पण त्यांना ठेवायला केडगावची जमीन त्याआधीच घेऊन ठेवलेली होती. विहीर, धान्य, डोक्यावर छप्पर, सगळ्याचा विचार. तुझी टीम निघतेय ती महिन्याला किती खर्च धरून, आणि तो कुणाकडून येणार? हे विचारलंस का? विचारणं म्हणजे अविश्वास, असं तुला कुणीतरी सांगितलंय, खरं ना?

मलाही सांगितलं होतं. मिरजेहून नर्सिंग करून आले आणि दुसऱ्या राज्यातल्या एका कुष्ठधामातून बोलावणं आलं. त्याच सुमारास आईला अर्धांगवायूचा झटका आला. मी गेले नाही. तेव्हाच्या एका वडीलधाऱ्या माणसानं भर प्रार्थनासभेत, माझ्याकडे न बघता, नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याचं वचन वाचलं. सगळ्यांना कळलं कुणाला उद्देशून ते. माझ्या जागी माझी मैत्रीण गेली, तिथंच राबली, आणि तिचं नाव निघालं की अजून माझ्या पोटात कालवतं. नाही म्हणत नाही मी.

पण मी काय केलं ते ऐक. नाइट ड्यूटी करून घरी यायचं आणि आईला कुशीवर करायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडावर कातडी लाल होते, आणि लाल झाली की जखम व्हायला वेळ लागत नाही. टाचा उशीच्या बाहेर तरंगत्या ठेवायच्या. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. बेडपॅन काढल्यावर नुसतं पुसायचं नाही, धुवायचं, टिपून कोरडं करायचं. आई बोलू शकत नव्हती, पण राग डोळ्यांत दिसायचा. लेकीकडून हे करून घ्यायची तिला लाज वाटे. भावजय मदतीला होती, पण तिला मी रात्रीचं कधी उठवलं नाही. तिची पोरं लहान होती. आई गेली तेव्हा पाठीवर एक जखम नव्हती. याची साक्ष मी कुठल्या सभेत दिली नाही, कुणी मागितलीही नाही. मला अजून वाटतं मी बरोबर केलं. कुणी काही म्हणो.

हे सांगताना मी स्वतःचीच वकिली करतेय, असं तुला वाटेल. वाटू दे. म्हणून माझं सोड, पुस्तकच उघड. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा शेवट वाच. अरवना यबूसी दावीदाला खळं आणि बैल फुकट देत होता, तरी दावीदानं पन्नास शेकेल रुपं मोजलं; ज्याला आपली पदरमोड नाही ते देवाला वाहणार नाही म्हणाला. मार्काचा सातवा अध्याय वाच. हे देवाला वाहिलंय असं म्हणून आईबापांना हात आखडणाऱ्यांना प्रभू काय बोलला ते बघ. आणि वधस्तंभावर, श्वास घेणं कठीण झालेलं असताना, त्यानं आईला शिष्याच्या हवाली केलं. जगाचं तारण चाललेलं असताना त्याला आईची सोय लावायला वेळ मिळाला, आणि तुला नाही!

गुरुवारी तुम्ही तरुण संघाच्या पोरांनी देवळात म्हाताऱ्यांचे पाय धुतले. फोटो पाहिले, छान आले आहेत. तुझ्या आईच्या डाव्या अंगठ्याखालची जखम शेवटची कधी पाहिलीस? मी पाहिली मागच्या आठवड्यात. कडा पांढरट झाल्यात, वास यायला लागलाय. शुगरच्या पायाला दुखत नाही, म्हणून ती चालते आणि म्हणते काही नाही रे. ड्रेसिंग ताई करते, कामावरून आल्यावर.

'आईनं परवानगी दिली' असं तू लिहिलंयस. ती काय म्हणाली ते मला माहीत आहे: 'प्रभूची इच्छा असेल तसं.' आपल्या बायकांनी हे वाक्य म्हटलं की समजावं, तिला कुणी विचारलेलंच नाही. तू तिला निकाल ऐकवलास. ताईला तर तेवढंही नाही.

मी तुला जाऊ नको म्हणत नाही. ऐक नीट, कारण तू हेच उलटं सांगत फिरशील. जा. पण पगार तुझा आहे, तरुणपण तुझं आहे, झोप तुझी आहे, ते दे. ताईचं लग्न, आईचा पाय, धाकट्याचं वर्ष तुझं नाही. कर्ज फिटेपर्यंत इथं राहून केलीस ती सेवा दुय्यम, असं टीममधल्या कुणी म्हटलं तर त्याला माझ्याकडे पाठव.

राजीनामा आत्ता देऊ नकोस. उद्या सकाळी आईला सर्जनला दाखव. उपाशी पोटी ने, शुगर तपासायला सांगतील. घरात तिला बंद चप्पल घ्यायची, अनवाणी एक पाऊल नाही. रविवारी उपासना झाली की ताईला घेऊन माझ्याकडे ये, आणि कर्जाचे कागद आण. पाळकसाहेबांनाही बोलावलंय. जेवायलाच या, चौघांचं करते.

ख्रिस्तात तुझी,
मावशी